स्वतःचं एक वाक्य

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आमच्या ह्यांना अख्खी गल्ली मास्तरच म्हणते. मी चिडले की मीही मास्तर म्हणते. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा म्हणते, कारण मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई तोंडाची फटकळ निघाली.

घर आमचं दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्यावर उघडते, ते माझं शिवणाचं दुकान. नवे कपडे मी आता शिवत नाही. पँटची लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, कोटाचं फाटलेलं अस्तर लाव, असली कामं. पण हाताला उसंत नसते. मागच्या खोलीत आम्ही राहतो, आणि मधे नुसता एक पडदा. त्या मागच्या खोलीत मास्तर वर्षानुवर्षं संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. फुकट, बरं का. माझ्या उंबऱ्यात चपलांचा हा ढीग, गिऱ्हाइकाने पाय कुठे ठेवावा हा प्रश्न, आणि आतून पोरांचा एका सुरात गलका.

सुरुवात नेहमी साध्या वर्तमानकाळापासून. "काल काय झालं ते नको," मास्तर म्हणायचे, "उद्या काय होणार ते तर मुळीच नको. रोज जे खरं असतं तेवढंच सांगा." मग ते वाक्याची सुरुवात करून द्यायचे आणि हातातली लाकडी पट्टी एका पोराकडे रोखायचे. उरलेलं वाक्य त्या पोराने पुरं करायचं. मास्तर म्हणायचे, "द सन," की पोरगं म्हणणार, "राइजेस इन द ईस्ट." मास्तर म्हणायचे, "माय फादर," की दुसरं म्हणणार, "गोज टू वर्क." झालं. सूर्य उगवला, कुणाचा तरी बाप कामाला गेला, पट्टी पुढच्या पोराकडे वळली. ती पट्टीसुद्धा माझीच होती. माप घ्यायची. एकदा आत नेली ती कायमची.

मला इंग्रजीचा गंध नाही. पण पडद्याआडून इतकी वर्षं कानावर पडून पडून ती वाक्यं मला पाठ झाली होती, अर्थासकट. शेतकरी पहाटे उठतो. पोस्टमन पत्रं आणतो. मांजर दूध पितं. त्या वाक्यांत गावातले सगळे येऊन गेले, फक्त मी कधी आले नाही. एकदा विचारलंच मी, "अहो, मांजर चालतं, मग मी का नाही?" तर म्हणाले, "उदाहरणाला बाहेरचं माणूस लागतं. तू घरातली." यावर काय बोलणार, कप्पाळ.

गेल्या थंडीत त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढतो, आणि वाचा गेली. म्हणजे आवाज आहे, पण शब्द नाही. तोंड उघडायचे, कपाळावर शीर तटतटायची, आणि बाहेर काय यायचं तर "ते... ते... ते." पुढे काही नाही. चहा हवा तरी ते, पाय दुखतो तरी ते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून घेतली, त्याला पाण्याचा पेला मागता येईना. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी ओरडते. हा माझा स्वभाव, त्याला औषध नाही.

आमची लेक दुसऱ्या गावी असते. नोकरी, नवरा, लिफ्ट असलेलं घर. पोरगी सोन्यासारखी आहे, पण हट्टीपणात माझीच लेक. ती आली आणि तिने फर्मान काढलं की दोघांनी सामान बांधायचं आणि तिच्याकडे चलायचं.

"आणि दुकान?" मी विचारलं.

"आई, दुकान महत्त्वाचं की बाबा?"

आता असा प्रश्न विचारला की माणसाने काय उत्तर द्यायचं? दोन्ही महत्त्वाचे, असं म्हणायची सोय नसते. त्या दुकानात मी लग्न झाल्यावर वर्षभरात मशीन टाकलं. माझं नाव त्या पाटीवर आहे. लेकीच्या घरी माझं काय काम, खिडकीत बसून बस किती गेल्या ते पाहू? तिथे मी सुकून जाईन, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि हेसुद्धा दिसत होतं, की त्यांना त्यांची खुर्ची, त्यांची खिडकी आणि पडद्यापलीकडची माझी कटकट लागते. मी तिला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "तू पुढे दुकानात, बाबा मागे एकटे. पडले, छातीत दुखलं, तर तुला कळणार कसं? ते नुसते 'ते ते' करत बसणार आणि तुझं मशीन चालू."

मी उठून चहा टाकला.

थेरपीला एक मुलगी यायची, बोलणं शिकवणारी. गोड होती, चित्रांचे पत्ते दाखवायची. हे काय, कप. हे काय, खुर्ची. मास्तर मान फिरवून बसायचे. ती गेल्यावर एके दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुणाच्या तरी पँटवर खुणा करत होते, ती तशीच टाकली, नवी पट्टी हातातच, पडदा सारून आत गेले आणि म्हटलं, "तोंडात मूग धरून बसायचं असेल तर तसं सांगा. ती पोरगी घसा फोडून बोलतेय, मी बोलतेय, लेक बोलतेय. काहीतरी बोला की." आणि बोलता बोलता पट्टी त्यांच्या नाकासमोर रोखली.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. ओठ हलले. आणि अगदी स्पष्ट, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "द सन राइजेस इन द ईस्ट."

मी कॉटवर बसले. मग पुन्हा पट्टी धरली आणि घाबरत म्हटलं, "माय फादर?"

"गोज टू वर्क."

त्या दुपारी मी मांजराला दूध पाजलं, पोस्टमनला पत्रं वाटायला लावली, शेतकऱ्याला पहाटे उठवलं. एकही वाक्य अडलं नाही. पट्टी खाली ठेवली की पुन्हा "ते... ते." गिऱ्हाईक बाहेर दार ठोकत होतं, मी म्हटलं ठोकू दे. लेकीला फोन लावला आणि तिला ऐकवलं. ती रडली. मीही रडले.

थेरपीवाल्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा तिला आनंद झाला, पण मग ती हळूच म्हणाली, "मावशी, असं होतं बऱ्याचदा. हजारदा घोकलेलं आत शिल्लक राहतं. पण हे पाठांतर झालं, बोलणं नव्हे. त्यांना स्वतः जुळवलेलं एक वाक्य बोलू द्या. मग पुढचा रस्ता उघडला म्हणायचा." ती माझ्या आनंदावर विरजण घालायला बोलली नव्हती, खरं तेच बोलली. पण मला तेव्हा ते मुळीच रुचलं नाही.

लेकीने तोच धागा पकडला. "ठीक आहे," ती फोनवर म्हणाली, "मी महिनाअखेर येते. तोवर बाबा स्वतःचं एक वाक्य बोलले, तर तुम्ही तिथे राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही बोलले तर माझ्याबरोबर यायचं. पडल्यावर ते सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून ओरडले, तर तुला काय कळणार?"

मी म्हटलं, "मान्य." दुसरं काय म्हणणार होते?

मग मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी, संध्याकाळी. पट्टी रोखायची आणि सुरुवात करून द्यायची. "आय," मी म्हणायचे. म्हणजे मी. आता पुढे काहीही म्हणा, मला भूक लागते म्हणा, मला ही बाई नको म्हणा. तर ते म्हणायचे, "गो टू स्कूल." मी म्हणायचे, "कुठलं स्कूल? शाळेने निरोपाचा नारळ देऊन किती वर्षं झाली." ते पुन्हा, "गो टू स्कूल." चहाचा कप पुढे धरून मी "टी" म्हटलं, तर नुसतं बघत राहिले. पाठात चहाचं वाक्यच नव्हतं. पोस्टमन आणि मांजर यांच्यापलीकडे गाडी हलेना, आणि दिवस भराभर जात होते.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी रडायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ह्यांना ऐकू जाऊ नये एवढं मी बघायचे. झटक्यानंतर त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते, माझा चेहरा पडला की त्यांचा पडायचा. म्हणून मी सुईतला दोरा काढायचे, मशीनवर बसायचे आणि पाय मारत राहायचे. पायमशीन आहे माझं, आवाज बराच करतं. त्या आवाजात पदर तोंडाला लावला की काम भागतं. मग तोंड धुवायचं, चहा टाकायचा आणि आत जाऊन म्हणायचं, "काय मास्तर, झोप झाली?" लेकीचा फोन आला की, "मजेत आहोत." माझी समजूत, की कुणाला ताकास तूर लागत नाही.

महिना संपत आला आणि माझं डोकं वाकड्या वाटेने चालायला लागलं. मी विचार केला, पाठांतरच येतं ना? मग नवं वाक्य पाठ करून घेऊ. लेकीला काय कळतंय, पाठातलं कुठलं आणि स्वतःचं कुठलं. शेजारच्या औषधवाल्याला विचारलं, मी इथे राहतो हे इंग्रजीत कसं म्हणायचं. तो म्हणाला, "आय लिव्ह हिअर." मी ते दिवसभर पुटपुटत शिवण केलं. एका पँटचा एक पाय तोकडा झाला, पण वाक्य पाठ झालं.

संध्याकाळी पट्टी घेऊन बसले. "हे बघा," मी म्हटलं, "मी म्हणेन आय, तुम्ही म्हणायचं लिव्ह हिअर. एवढंच. लेक आली की एकदा म्हणायचं, मग परत कधी म्हणू नका. आय?"

त्यांनी ओठ मिटून घेतले.

"आय?"

पट्टीकडे बघेनात. खिडकीबाहेर बघायला लागले. मला आधी वाटलं, जमत नाही. मग चेहरा नीट पाहिला आणि ओळखला. हा चेहरा मी पाहिलेला होता. परीक्षेत कुणाच्या बाहीतून चिठ्ठी निघाली की घरी येऊन हाच चेहरा करून जेवायचे, आणि भाजीत मीठ आहे की नाही हेही त्यांना कळायचं नाही.

"अहो, ही काय कॉपी आहे?" मी म्हटलं. "आपल्याच घरात राहण्यासाठी एक वाक्य बोलायचं आहे. त्यात कसला आलाय सचोटीचा ताठा?" काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी गोडीने सांगून पाहिलं, तिसऱ्या दिवशी अबोला धरला. बोलता न येणाऱ्या माणसाशी अबोला धरणारी मी एकटीच असेन. चौथ्या दिवशी हात टेकले. लेक यायच्या आदल्या रात्री मी कपाटावरची जुनी बॅग काढून पुसली आणि कुणाला दिसणार नाही अशी कॉटखाली ठेवली.

लेक सकाळी आली. आल्या आल्या बाबांच्या पायाशी बसली, त्यांचा लुळा हात हातात घेतला, बोटं चोळली. थेरपीवाली मुलगीही आली होती, लेकीनेच बोलावलं होतं. चहा झाला. मी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. माझा जीव टांगणीला लागला होता आणि कुणाला काही घाईच नव्हती.

"आई, आता," लेक म्हणाली.

मी पट्टी घेतली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मनात म्हटलं, मास्तर, एकदाच करा कॉपी, तुमच्या पाया पडते. मोठ्याने म्हटलं, "आय?"

काही नाही.

"आय लिव्ह?" मी अर्ध्याहून जास्त वाक्य त्यांच्या तोंडात कोंबलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की काय कोण जाणे, पण मला लाज वाटली.

ते माझ्याकडे बघत होते. पट्टीकडे नाही, माझ्याकडे. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. मला वाटलं, संपलं. बॅग तयारच होती. पण त्यांनी ती पट्टी डाव्या हातात नीट तोलली आणि तिचं टोक माझ्याकडे रोखलं.

"शी," ते म्हणाले.

शी म्हणजे ती. इतकं मला येत होतं. कपाळावरची ती शीर तटतटली, ओठ दोनदा उघडून मिटले.

"शी... रन्स... द मशीन."

ती मशीन चालवते. पाठात मशीन नव्हतं. मी नव्हते. शेतकरी होता, पोस्टमन होता, मांजर होतं. थेरपीवाली मुलगी पुढे सरकून बसली. लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले. आणि मी, काय सांगू, मी जिंकले होते. मी लेकीकडे वळून म्हणालेसुद्धा, "ऐकलंस? हे कुठल्या धड्यात आहे सांग. आता तू तुझ्या घरी सुखाने जा, आम्ही आमच्या."

पण पट्टी खाली आली नव्हती. मास्तरांचं व्हायचं होतं.

"नो क्लॉथ," ते म्हणाले.

कापड नाही. लेकीला त्यातलं काही समजलं नाही. मला समजलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कापड नसलं की मशीनचे खालचे दाते कोरडे खटखटतात. हा आवाज शिवणाऱ्याला कळतो. आणि पडद्यामागे बसून जन्मभर तो ऐकणाऱ्यालाही कळतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"अहो, पुरे," मी म्हटलं. "दमाल."

त्यांनी मान हलवली. दमले होते, घाम आला होता, पण वाक्य अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती.

"शी... क्राइज," ते म्हणाले. आणि पट्टी तशीच रोखून धरत, "एव्हरी डे."

थेरपीवाली मुलगी उठून हळूच दुकानात गेली. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"आई, रोज?"

"काहीतरीच," मी म्हटलं. "मशीनला तेल देते मी दुपारी. तेल दिलं की रिकामं चालवावं लागतं, नाहीतर कापडाला डाग पडतात. विचार कुठल्याही शिंप्याला."

"नो," मास्तर म्हणाले.

इतके दिवस ज्या शब्दांसाठी मी जिवाचं रान केलं, ते आले आणि पहिल्या झटक्यात मलाच उघडं पाडून गेले. मी खाली बघत पदराचा काठ सारखा करत बसले. लेक उठून माझ्याजवळ आली, स्टुलाशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मोठी झाल्यावर तिने असं कधी केलं नव्हतं.

"मी दिलेला शब्द मोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. पण दर शनिवारी मी येते. नको म्हणालीस तरी येते. आणि फोनवर मजेत आहोत हे वाक्य बंद."

"भाडं किती पडेल जाण्यायेण्याचं."

"आई."

ती संध्याकाळी गेली. जाताना कॉटखाली वाकून बॅग ओढून काढली आणि परत कपाटावर ठेवली. पोरगी हुशार आहे, बापावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सवयीने मशीनवर बसले, सुईतला दोरा काढला. पाय ठेवला आणि तसाच राहिला. पडद्यामागे खुर्ची करकरली. म्हणजे ते ऐकत होते. सगळे दिवस असेच ऐकत बसले असणार, आणि आधाराशिवाय उठून येता येत नव्हतं, आणि विचारता येत नव्हतं. माझ्यापेक्षा त्यांचे हाल जास्त होते, आणि मी त्यांना झोप झाली का म्हणून विचारत होते.

मी उठले. पडदा सारून आत गेले, स्टूल त्यांच्या खुर्चीला लावलं आणि त्यांच्यासमोर बसून रडले. मशीन नव्हतं, त्यामुळे आवाज चांगला मोठा आला. गल्लीत कुणी ऐकलं असेल तर ऐको. त्यांनी मला थांबवलं नाही. लहान मुलासारखा त्यांचा चेहराही पडला नाही. मीच उगाच भीत होते.

माझं झाल्यावर त्यांनी मांडीवरची पट्टी डाव्या हातात उचलली आणि माझ्याकडे रोखली.

"शी?" ते म्हणाले, आणि थांबले.

जन्मभर मी त्या पडद्यापलीकडे होते. पोरं उत्तरं द्यायची आणि मी काज करायचे. आज वर्गात मी एकटीच होते आणि पट्टी माझ्याकडे रोखलेली होती. मी नाक पुसलं आणि औषधवाल्याने शिकवलेला एक शब्द आणि इतक्या वर्षांत कानावर पडलेला एक शब्द एकाला एक जोडला.

"शी सिट्स हिअर," मी म्हणाले. ती इथे बसते.

बरोबर होतं की चूक, मी विचारलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, अजून काही राहिलं आहे का म्हणून. मग मलाच आठवलं.

"एव्हरी डे," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि तो हात माझ्या हातावर ठेवला. चहाची वेळ टळून गेली होती.